गॅरेजवरच्या खोलीची किल्ली

शनिवार, ९ मे. होनोलुलू

आज आमच्याकडे मिनेसोटात मासेमारीचा पहिला दिवस. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तो माझ्याशिवाय पार पडला. जूडीने सकाळी सकाळी फोटो पाठवला. ती आणि तिचा नवरा होडीत, अंगात जाडजूड जाकिटं, चेहऱ्यावर दिग्विजय आणि बादली रिकामी. माझी धाकटी बहीण असली तरी सांगते, तिला गळ टाकता येत नाही. मी इथे समुद्राकाठी अननस खात बसले आहे आणि तरी जळते आहे, म्हणजे बघा.

उद्या सकाळी जहाजावर चढायचं. माझ्या लेकीचं, ब्रिटाचं जहाज, यूएसएस कॅल्व्हर्ट, लांबची मोहीम आटोपून सॅन दिएगोला परत निघालं आहे, आणि या शेवटच्या टप्प्यात खलाशांच्या घरच्या माणसांना बरोबर नेतात. नौदलात अशा पाहुण्यांना ‘टायगर’ म्हणतात. त्रेसष्ट वर्षांची, गुडघे करकरणारी, शाळेची बस चालवणारी वाघीण. जूडी हे ऐकून दहा मिनिटं हसत होती.

डायरीत खोटं कशाला लिहू? मी मजा करायला आलेले नाही. लेकीला घरी न्यायला आले आहे. तिची नौदलातली सहा वर्षं या उन्हाळ्यात संपतात. आमच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर वीजकेंद्र आहे, तिथेही अणुभट्टीच चालवतात. तिथला मोठा साहेब लहानपणी माझ्याच बसने शाळेत जायचा. मागच्या बाकावर बसून पोरींच्या वेण्या ओढायचा म्हणून मी त्याचे कान उपटले आहेत. त्याने ब्रिटासाठी जागा धरून ठेवली आहे, पण अठरा तारखेच्या सोमवारपर्यंतच. सोमवारी मला ‘हो’ कळवायचं आहे.

गॅरेजवरच्या खोलीतला भाडेकरू मार्चमध्येच काढला. बाथरूमला नव्या फरशा घातल्या, खिडकीतून तळं दिसावं म्हणून माझ्या नवऱ्याने, गॉर्डनने लावलेलं झाड छाटलं (तो असता तर बोलला असता), नवं कुलूप बसवलं. कुलूपवाल्याने विचारलं, “दुसरी किल्ली करू का?” म्हटलं, कशाला, राहणारी एकटीच आहे. ती पितळी किल्ली आत्ता माझ्या पाकिटात आहे. योग्य वेळ बघून तिच्या हातात ठेवायची, फारसं न बोलता. असल्या गोष्टी आमच्या घरात बोलून दाखवायची पद्धत नाही.


रविवार, १० मे. समुद्रात

बाप रे.

जहाज बघितलं आणि वाटलं, आपण चुकून गावाच्या टोकाला आलो. डेकवर आमची अख्खी शाळा, मैदान आणि बसचा डेपो बसवून वर जागा उरेल. विमानं ओळीने उभी, पंख मिटून. आणि ती एवढी थोरली वस्तू धक्क्यापासून निघाली तेव्हा मला पत्ताच लागला नाही. मी कॉफी पीत होते, वर बघितलं तर हवाई मागे गेलेलं.

ब्रिटा जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. बारीक झाली आहे. रंग बटाट्यासारखा पांढरा, कारण या पोरीने सात महिने समुद्रावर काढले ते जहाजाच्या पोटात. मी म्हटलं, “अगं, लोक समुद्रावर जाऊन रापून येतात.”

“आई, मी समुद्र महिन्यातून दोनदा बघते. तू आजच माझ्यापेक्षा जास्त बघितलास.”

मिठी मारताना तिच्या मानेला साबणाचा तोच वास आला, जो आमच्याकडे असतो. म्हणजे मी पाठवलेल्या वड्या वापरते.

झोपायला तीन मजली खाटा. मी मधल्या खाटेवर, ओपल पेट्वे खालच्या. ओपल जॉर्जियाची, पोस्टातून निवृत्त, माझ्याच वयाची. तिचा मुलगा टेरेन्स विमानं डेकवरून हवेत फेकणाऱ्या यंत्रावर, कॅटापल्टवर काम करतो. पाचच मिनिटांत तिने मला तिच्या गुडघ्यांचा, दोन नवऱ्यांचा आणि चर्चमधल्या भांडणाचा सगळा इतिहास सांगितला. मी किल्लीबद्दल चकार शब्द काढला नाही. या बाईच्या तोंडात तीळ भिजणार नाही.

आज मातृदिन. खलाशी फार चांगल्या वळणाचे आहेत. जेवणाच्या रांगेत दोघातिघांनी मला थांबवून “अभिनंदन, मॅडम” म्हटलं. आमच्या गावात सख्खी मुलंसुद्धा विसरतात.


सोमवार, ११ मे

दोन्ही नडग्या फुटल्या आहेत. या जहाजावर प्रत्येक दाराला गुडघ्याएवढा उंबरठा आहे, आणि दारं अगणित. ओपल म्हणते, मी एकेक उंबरठा ओलांडताना शिवी देते. मी देत नाही, मनात म्हणते.

आज आम्हा वाघांना चीफ बेनाविदेसने जहाज दाखवलं. हा डेकवरच्या सुरक्षेचा माणूस, पांढरा शर्ट, घोगरा आवाज, मिशी अशी की तिच्यावर कपडे वाळत घालावे. त्याचे वडील तेलावर चालणाऱ्या जुन्या विमानवाहू जहाजावर होते. ती जहाजं काय खायची, विचारू नका. भरधाव निघाली की चारपाच दिवसांत तेलाचं जहाज शेजारी बोलवायचं, नळ्या जोडायच्या आणि तासन् तास बाजूबाजूने चालायचं. मग एकसष्ट साली पहिलं अणुशक्तीचं विमानवाहू जहाज आलं. त्यात एक ना दोन, आठ अणुभट्ट्या कोंबल्या होत्या.

“आठ का?” ओपलने विचारलं.

“पहिल्यांदा स्वयंपाक करणारा माणूस मीठ किती घालतो?” चीफ म्हणाला. “आता दोनात भागतं.”

तीन वर्षांनी ते जहाज आणखी दोन सोबती घेऊन अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून आलं, तेलाचा एक थेंब न घेता. माझी बस आठवड्यातून दोनदा पंपावर उभी असते. इथे एकदा इंधन भरलं की पंचवीस वर्षं बघायला नको. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्रही स्वतःचं. मध्ये एका बेटावर भूकंप झाला तेव्हा कॅल्व्हर्टने किनाऱ्याशी उभं राहून सगळ्या गावाला पाणी पाजलं म्हणे. त्या वेळी खाली ड्यूटीवर कोण होतं, ते चीफने मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितलं. ब्रिटाने मला हे कधी सांगितलं नव्हतं. फोनवर तिने त्या आठवड्यात फक्त “जरा काम होतं” म्हटल्याचं आठवतंय.

मग मी म्हटलं, आता भट्टी दाखवा. सगळे हसले.

भट्टी कुणालाच दाखवत नाहीत. जिने उतरत उतरत खाली गेलो, तर एका अरुंद बोळाच्या टोकाला एक दार, दारावर पाटी आणि पाटीखाली पहारेकरी. ब्रिटा रोज त्या दारातून आत जाते. सहा वर्षं ती काय करते ते मी गावभर सांगत आले, आणि ती जागा मला या जन्मात दिसायची नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने समजावून सांगितलं. भट्टी पाणी तापवते, ते पाणी दुसऱ्या पाण्याला तापवतं, त्याची वाफ होते, वाफेने जहाज चालतं, दिवे लागतात, कॅटापल्टही विमान फेकतो.

“म्हणजे मोठं कॉफीचं भांडं,” मी म्हटलं.

“आई, माझं एवढ्या वर्षांचं शिक्षण तू एका वाक्यात धुऊन वाळत घातलंस.”

मी वीजकेंद्राचा विषय काढला. तिने बटाटे इकडून तिकडे केले आणि म्हणाली, “शुक्रवारी बोलू. तो निळा ड्रेस आणला आहेस ना? शुक्रवारी तो घाल.” मुलगी ताकास तूर लागू देत नाही. मोठ्या साहेबाबद्दल ऐकून लाजली असेल, शाळेत दहाएक वर्षं पुढे होता.

“अभिनंदन” अजून चालूच आहे. मातृदिन होऊन गेला हे नौदलाला कुणी कळवलेलं दिसत नाही. एक सोनेरी पट्ट्यांचा अधिकारी तर म्हणाला, “व्हर्जिनियात थंडी तुमच्याकडच्यापेक्षा पुष्कळ कमी, बाई.” त्याचे नातेवाईक असतील तिकडे. मी म्हटलं, असेल, असेल.


मंगळवार, १२ मे

आज बूट उडवले! कॅटापल्टवरचा माणूस जहाज सोडून जायला निघाला की त्याचे जुने बूट कॅटापल्टवर ठेवतात आणि विमानासारखे समुद्रात फेकतात. आज टेरेन्सची पाळी होती, तो नौदल सोडतोय. बुटांवर सगळ्यांनी रंगीत खडूने काय काय लिहिलं होतं. वाफेचा लोट उठला, धाडकन आवाज झाला आणि बूट गेले. ओपल रडली, मग हसली, मग मला म्हणाली, “बयो, सांगू का, तो येतोय याचा आनंद आहे. पण सोफ्यावर पडून राहिला ना दिवसभर, तर मी त्यालाच कॅटापल्टवर ठेवीन.”

मी ब्रिटाला विचारलं, “तुझे बूट कधी उडवणार?”

“ते कॅटापल्टवाल्यांचंच असतं, आई.”

“मग तुमच्यात काय करतात, सोडून जाताना?”

“काही नाही. केक कापतात,” असं म्हणून ती घाईघाईने ड्यूटीवर गेली. मी सोबत आणलेल्या लिंबाच्या गोड वड्यांचा, लेमन बारचा डबा तिला दिला. केक कशाला, हे वाटा म्हणावं.

किल्ली द्यावी असं आज दोनदा मनात आलं. एकदा ओपल मध्ये आली, एकदा मीच कचरले.


बुधवार, १३ मे

जे झालं ते क्रमाने लिहिते.

आज सकाळी विमानांची प्रात्यक्षिकं होती, आम्हा वाघांसाठी. त्याआधी डेक वेचायचा. हे लोक विमानं उडवण्यापूर्वी रोज करतात. डेकच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून ओळ करायची, मान खाली घालायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जायचं. खिळा, तारेचा तुकडा, खडा, काय दिसेल ते उचलायचं. विमानाचं इंजिन पुढून हवा ओढतं, आणि हवेबरोबर एवढासा नट जरी ओढला गेला तरी आतली पाती उडतात. मग विमान जातं, कधी माणूसही. आज पाहुण्यांनाही ओळीत घेतलं.

चीफ बेनाविदेसने आधीच बजावलं होतं. खिसे रिकामे करा, टोप्या काढा, कानातलं काढा. मी सगळं काढून पिशवीत टाकलं. नाणी, केसांच्या पिना, चष्म्याची साखळी. किल्ली मात्र नाही टाकली. पिशव्या ओपलशेजारीच ठेवल्या होत्या, आणि किल्ली दिसली असती तर दुपारपर्यंत जहाजभर झालं असतं. जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. म्हटलं, आतला खिसा काही खिसा नव्हे.

आणि काय सांगू, मी वाघांत पहिली आले! पांढऱ्या रेषेशेजारून डोळ्यांत तेल घालून चालले आणि एक बारीक वायसर शोधून काढला. तीस वर्षं बसच्या बाकांखालून पेन्सिली नि च्युइंगम काढल्याचा उपयोग झाला. चीफने माझा हात धरून उंच केला, बक्षीस म्हणून टोपी दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाऱ्याने नाकातून पाणी येत होतं. मी रुमाल काढला, नाक पुसलं आणि दिमाखात जाऊन बसले.

कानांवर जाड डबडी चढवून आम्हाला डेकच्या कडेला मनोऱ्याजवळ बसवलं. पहिलं विमान कॅटापल्टकडे सरकायला लागलं. जमीन हलावी तशी खुर्ची हलत होती. मी रुमाल परत ठेवायला आतल्या खिशात हात घातला.

किल्ली नव्हती.

तोंडचं पाणी पळालं. रुमालाबरोबर ती बाहेर आली असणार. ज्या डेकवरचा कचरा वेचल्याबद्दल मला टोपी मिळाली, त्याच डेकवर मी किल्ली टाकून आले होते.

आता खरं लिहिते. मी लगेच उठले नाही. मनात आलं, डेक एवढा मोठा, किल्ली एवढीशी, गेली असेल वाऱ्याने समुद्रात. मनात आलं, ब्रिटाची आई म्हणून सगळे ओळखतात, तिची मान खाली जाईल. विमान तेवढ्यात कॅटापल्टशी पोचलं. वैमानिकाने हेल्मेटमधून आमच्याकडे बघून हात हलवला. जेमतेम ब्रिटाच्या वयाची मुलगी असेल, हेल्मेटखालून वेणी दिसत होती.

मी उठले. आमच्यापुढे एक रेषा होती, ती ओलांडायची नाही असं दहा वेळा सांगितलं होतं. मी ओलांडली नाही, पण रेषेवर उभी राहून असे हात उडवले की चीफ धावत आला. आवाज तर ऐकूच येत नव्हता. मी हवेत किल्ली फिरवून दाखवली. त्याला वाटलं, मला विमान चालवायचं आहे. तो हसून मान हलवायला लागला. मग मी त्याच्या कानावरचं डबडं खेचलं आणि ओरडले, “माझी किल्ली डेकवर पडली!”

माणसाचा चेहरा असा बदलताना मी पाहिला नव्हता. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. त्याला बघून दुसऱ्याने केली, मग तिसऱ्याने. इंजिनं एकामागून एक बंद झाली. शेवटी नुसता वारा उरला, आणि त्या शांततेत मनोऱ्यावरचा भोंगा बोलला, “डेकवर पितळी किल्ली हरवली आहे. ड्यूटीवर नसलेल्या सगळ्यांनी वर या.”

सगळ्यांनी! स्वयंपाकी आले, न्हावी आला, हात पुसत दाताचे डॉक्टर आले. झोपेतून उठलेली पोरं आली. माणसं संपेनात. मी कुठे चालले होते ते चीफने विचारलं, मी पांढरी रेषा दाखवली, आणि मला तिथेच ओळीत उभं केलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या डाव्या खांद्याला कुणीतरी खांदा लावला. साबणाच्या वासावरून कळलं. ब्रिटा. केस विस्कटलेले, उन्हाने डोळे बारीक केलेले.

ओळ निघाली. अशा वेळी मान वर करायची नसते. म्हणून आम्ही दोघी खाली बघत बोललो, एकमेकींकडे न बघता.

“कसली किल्ली, आई?”

“गॅरेजवरच्या खोलीची.”

“तिथे भाडेकरू आहे ना?”

“काढला. नव्या फरशा घातल्यात. आता खिडकीतून तळं दिसतं.”

“बाबांचं झाड?”

“छाटलं. नुसतं छाटलंय.”

विमान बांधून ठेवायला डेकमध्ये जागोजागी लोखंडी वाट्या आहेत, प्रत्येकीपाशी ती वाकून बघत होती. मीही बघत होते, पण मला सगळंच धूसर दिसत होतं.

“आई, मी शुक्रवारी सही करणार आहे. आणखी सहा वर्षांसाठी. तुझ्यासमोर करावी म्हणून थांबले होते.”

मान वर करायची नाही, हा किती चांगला नियम आहे ते मला तेव्हा कळलं. मी पुढच्या वाटीत बघितलं, त्याच्या पुढच्या वाटीत बघितलं. सगळ्या रिकाम्या. मग एकदम ध्यानात आलं की जहाजभर लोक तीन दिवस माझं अभिनंदन कशाचं करत होते. आणि व्हर्जिनिया! व्हर्जिनियाचं अजूनही कळलं नव्हतं, पण त्यातही काहीतरी असणार.

“सगळ्यांना सांगितलंस,” मी म्हटलं.

“तुला सांगायची भीती वाटली.”

तेवढ्यात ती थांबली, वाकली आणि एका वाटीतून बोटाने काहीतरी उकरून काढलं. हात उंच करून ओरडली, “सापडली!” ओळीत टाळ्या वाजत गेल्या, आमच्यापासून दोन्ही टोकांपर्यंत. किल्ली तिच्या हातात होती. सहाशे वेळा मनात घोळवलं होतं की ती तिच्या हातात कशी ठेवायची. ही अशी गेली. आणि तिने ती लगेच चीफला दिली, कारण डेकवर सापडलेली वस्तू ठेवता येत नाही.

प्रात्यक्षिकं नंतर झाली. विमानं गेली, आली, फार सुंदर होतं म्हणे. मी बघितलं नाही, खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडले होते.


गुरुवार, १४ मे

मी रागावले आहे. ते इथे लिहून ठेवते, तोंडावर दाखवणार नाही.

ओपलने सगळं ऐकलं. खालच्या खाटेवरून माझा पाय थोपटला. मग म्हणाली, “मला माझ्या पोराला झोपवायला सोफा आहे, तुझ्याकडे खोली आहे. तरी तुझी येत नाही, माझा येतो. देव चिठ्ठ्या उलट्या वाटतो.”

दुपारी ब्रिटा दोन कप आइस्क्रीम घेऊन आली. विमानं वर-खाली नेणाऱ्या मोठ्या लिफ्टच्या उघड्या दाराशी आम्ही बसलो. समुद्र अगदी पायांशी.

“आपल्या वीजकेंद्रातही भट्टीच आहे,” मी म्हटलं. एकदा तरी म्हणायचं होतं.

“ती हलत नाही, आई.”

मी स्वतः जन्मभर बस चालवली. शाळेने मला एकदा ऑफिसात खुर्ची देऊ केली होती, तर मी दोन दिवस जेवले नव्हते.

मग तिने व्हर्जिनिया सांगितलं. जहाजाचं अर्धं आयुष्य सरलं, इंधन संपत आलं. आता ते तिकडे गोदीत जाणार, आणि भट्ट्या उघडून नवं इंधन भरणार. जहाजाच्या जन्मात हे एकदाच होतं. तीनचार वर्षं लागतात. डेक कापतात, आतलं काढतात, आणि सगळं पुन्हा शिवून जहाज आणखी पंचवीस वर्षांसाठी समुद्रात सोडतात. पुढे म्हातारं झालं की मात्र त्याचं संग्रहालयही करता येत नाही. भट्ट्या काढायच्या तर एवढं फाडावं लागतं की दाखवायला काही उरत नाही.

“एकदाच उघडतात,” ती म्हणाली. “सहा वर्षं मी तिला बाहेरून ऐकतेय. ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी मला तिथे असायचंय. आणि नंतर तिला पहिल्यांदा चालू करताना.”

बोलताना पोरीचा पांढरा चेहरा लाल झाला होता. गॉर्डन होडीचं इंजिन खोलून अंगणात पसरायचा तेव्हा त्याचा असाच व्हायचा. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा.

“गोदीत म्हणजे जमिनीवर?” मी विचारलं.

“जमिनीवर. रजा मिळेल. नाताळला येईन. कदाचित मासेमारीच्या पहिल्या दिवसालाही.”

“जूडीपेक्षा तरी चांगला गळ टाकतेस.”

“जूडीमावशीपेक्षा पेंग्विन चांगला टाकेल.”

हसले. राग गेलेला नाही, पण हसले. आइस्क्रीम चांगलं होतं.


शुक्रवार, १५ मे

निळा ड्रेस घातला.

नव्याने शपथ घेताना जागा ज्याची त्याने निवडायची असते. लोक डेकवर घेतात, सूर्य मावळताना, झेंड्याखाली. कुणी मनोऱ्यावर चढून घेतं. माझ्या लेकीने कुठली जागा निवडावी? सात जिने खालचा तो अरुंद बोळ, पाटीवालं दार. मी म्हटलं, “अगं, इथे तर फोटोही धड यायचा नाही.”

“तुला आत येता येत नाही, आणि आतल्यांना आत्ता वर येता येत नाही,” ती म्हणाली. “मग उंबरठ्यावर उभं राहावं म्हटलं.”

दार उघडं ठेवून पहारेकरी आडवा उभा राहिला. त्याच्या खांद्यांवरून आतली चारपाच फिकट तोंडं डोकावत होती, एकाच्या हातात माझा लेमन बार होता. आत काय होतं म्हणाल तर राखाडी भिंत आणि एक नळी. तेवढंच बघितलं. पण गरम हवा आली आणि एक घुमणारा आवाज, बारीक, सतत. सहा दिवस तो माझ्या खाटेतही येत होता, मला वाटत होतं ओपल घोरते.

ब्रिटाने उजवा हात वर केला. तिच्या अधिकाऱ्याने एकेक वाक्य म्हटलं, तिने मागोमाग म्हटलं. एकदाही अडखळली नाही. मला रडू आलं. मी आवरलं नाही, कारण ओपल माझ्याआधीच मोठ्याने सुरू झाली होती.

टाळ्या झाल्यावर चीफ बेनाविदेस गर्दीतून पुढे आला. मिशी विंचरलेली. हातात किल्ली, आणि किल्लीला जहाजाच्या दोरांसारखी घट्ट विणलेली लाल दोरी, गाठ मारून टोकं जाळलेली.

“मॅडम, सुटी वस्तू परत देता येत नाही,” तो म्हणाला. “म्हणून बांधून दिली. आणि ते विमान उडवणाऱ्या पोरीने सांगितलंय, तिच्यातर्फे तुमच्या हाताचा मुका घ्यायचा. मी घेणार नाही, फोटो छापून आला तर? माझी बायको वर्तमानपत्र वाचते.”

सगळे हसले. किल्ली माझ्या तळहातावर होती. मला एवढंच वाटत होतं की ही मी घरी नेली तर खिळ्याला टांगून ठेवीन आणि रोज बघून रागावीन.

“वाक,” मी म्हटलं.

ब्रिटा वाकली. मी दोरी तिच्या गळ्यात घातली, लहानपणी हातमोजे हरवू नयेत म्हणून दोरीला बांधून घालायचे तशी. भाषण वगैरे नाही. “फरशा पांढऱ्या आहेत,” मी म्हटलं, “बूट काढून आत जायचं.”

“हो, आई.” तिने किल्ली शर्टाच्या आत सरकवली आणि कॉलर नीट केली. नाक ओढलं, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग तिची ड्यूटी सुरू व्हायची होती. दाराशी पहारेकऱ्याने, जो दोन मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवत होता, तिलाच अडवलं.

“गळ्यात काय आहे?”

“घराची किल्ली.”

“बांधलेली आहे?”

“बांधलेली आहे.”

“जा.”

आणि ती गेली. दार लागलं. सहा दिवसांत मला त्या उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकू दिलं नाही, माझी किल्ली मात्र थेट भट्टीपाशी गेली.

उद्या सॅन दिएगो. साहेबाला सोमवारी ‘नाही’ कळवायचं, आणि सांगायचं की तुझ्या भट्टीत काही वाईट नाही, फक्त ती हलत नाही. जूडीला सांगायचं, कुणी विचारलं तरी खोली भाड्याने द्यायची नाही. आणि सगळ्यात आधी कुलूपवाल्याला बोलवायचं. किल्ली एकच होती, आणि खोलीची खिडकी उघडी राहिली आहे.